एका बटणाची सोय

गल्लीतले लोक त्यांना वेणीमास्तर म्हणत. मास्तरकी त्यांनी आयुष्यात एक दिवसही केली नव्हती. संगणक दुरुस्त करणे हा त्यांचा धंदा. पण त्यांच्या हाताखालून गेलेल्या यंत्रामागे एकही वायर लोंबकळताना दिसत नसे. सगळ्या वायरी एकत्र घेऊन, तीन पेडांत गुंफून, वीत-वीतभर अंतरावर काळी पट्टी आवळून ते त्यांची वेणी घालत. "आमच्या पोरीची वेणी शाळेत पोचेपर्यंत सुटते, मास्तरांची दहा वर्षं सुटत नाही," असे समोरची शिंपीण म्हणे. कोपऱ्यावरचा निवृत्त पोस्टमन म्हणे, "त्यांनी नुसती टिचकी मारली तरी मेलेलं यंत्र ओ देतं." आणि कोणी तरी अशीही वावडी उठवली होती, की घरात वाजले म्हणजे मास्तर बायकोला सांगतात, "जरा बंद हो आणि पुन्हा सुरू हो."

यातली शेवटची गोष्ट सोडली तर बाकीचे खरे होते, आणि मास्तरांना ते ठाऊक होते. दुरुस्ती झाली की ते यंत्र तीनदा बंद करून तीनदा सुरू करीत. हात मागे बांधून, काही न बोलता, पडद्याकडे पाहत उभे राहत. "तीनदा उठलं म्हणजे धडधाकट," एवढेच म्हणत आणि पिशवी उचलत. तीनदा उठलेल्या यंत्राबद्दल पुन्हा शंका काढण्याची कुणाची छाती नव्हती, मास्तरांचीही नव्हती.

सार्वजनिक वाचनालयातली यंत्रे त्यांच्याकडेच होती. दर गुरुवारी, दवाखान्यातले सकाळचे काम आटोपून, ते बाराच्या सुमारास तिथे जात. तिथल्या देवघेवीच्या खिडकीवर एक बाई बसत. सव्वीस वर्षे त्या त्याच खुर्चीत होत्या. आधीची बावीस वर्षे त्यांनी जाड नोंदवह्या भरण्यात घालवली होती; नंतर संगणक आला, तेव्हा कुणालाही वाटले नव्हते की त्या तो शिकतील. त्या शिकल्या. सावकाश शिकल्या, पण एकदा शिकलेले विसरल्या नाहीत. पुस्तकाच्या पाठीवरची रेघांची पट्टी वाचणारा स्कॅनर आणि पावती छापणारा छोटा प्रिंटर, दोन्ही एका जुन्या जोडपेटीला लावलेले होते आणि ती पेटी संगणकाला. बाईंनी त्यांचा एक क्रम ठरवून घेतला होता. सकाळी आल्यावर आधी जोडपेटीचे बटण. तिच्यावरचा लाल दिवा हिरवा होईपर्यंत टेबल पुसायचे. मग प्रिंटर. मग संगणक. चार वर्षे हे बिनबोभाट चालले.

तीन बटणे तीन भिंतींवर होती आणि वायरी जमिनीवरून फिरत होत्या. एक दिवस कार्यकारी समितीतल्या एका वजनदार सभासदाचा पाय त्यात अडकला. ते पडले नाहीत, पण रागावले. आणि ग्रंथपालांनी मास्तरांना निरोप धाडला.

मास्तरांनी अर्ध्या दिवसात काम केले. सगळी जोडणी एका पाटीवर आणली, वायरींची वेणी घालून ती टेबलाच्या पायाला बांधली, आणि वीज मिळताच संगणक आपोआप सुरू होईल अशी तजवीज केली. आता एकच बटण. ते दाबले की सगळे एकदम जागे. ग्रंथपालांनी ते स्वतः दोनदा दाबून पाहिले, लहान मुलासारखे.

"पण मास्तर," बाई म्हणाल्या, "मी आधी पेटीला उठवते, मग याला."

"बाई, यंत्रांत थोरलं-धाकटं नसतं. कुणालाही आधी उठवा, कुणी रुसत नाही."

रांगेतले लोक हसले. ग्रंथपाल हसले. मास्तरांनी आणखी एक सूचना दिली, ती पुढे त्यांना शब्दन् शब्द आठवत राहिली: "आणि एकदा सुरू झाल्यावर मध्येच बंद करायचं नाही. नोंदी उडतील. काही अडलं तर वहीत लिहा, मी बघेन."

बाईंनी मान डोलावली. सांगितलेले पाळणे हा त्यांचा स्वभाव होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला त्यांनी ते एकच बटण दाबले. संगणक उजळला आणि पडद्यावर ओळ आली, की स्कॅनर सापडत नाही. स्कॅनर समोर टेबलावर होता. बाईंनी तो उचलून पुस्तकावर धरला, फिरवला, पुन्हा धरला. रांग वाढली. बंद करायचे नाही असे सांगितलेले होते, म्हणून त्यांनी बंद केले नाही. खणातली जुनी नोंदवही काढून त्या हाताने लिहू लागल्या आणि तक्रारवहीत तारीख घालून लिहिले: "सकाळी स्कॅनर सापडत नाही."

गुरुवारी मास्तर आले. संगणक बंद केला, सुरू केला, स्कॅनर सापडला. पुन्हा, आणि पुन्हा. तिन्ही वेळा सापडला.

"सकाळी नव्हता हो सापडत," बाई म्हणाल्या. "तुम्ही एकदा साडेआठला येऊन बघा."

"यंत्राला सकाळ-दुपार कळत नाही, बाई."

आणि त्यांनी वहीत, बाईंच्या ओळीखाली, आपल्या वळणदार अक्षरात लिहिले: "यंत्र निर्दोष. वापरणाऱ्याकडून हाताळणीत चूक." खाली सही.

असे तीन गुरुवार झाले. तीन तक्रारी, तीन नोंदी, तीन सह्या. दर वेळी बाई म्हणाल्या, एकदा सकाळी या. दर वेळी मास्तरांना सकाळी दवाखाना होता. खरे तर एखाद्या दिवशी तासभर उशिरा गेले असते तरी दवाखाना काही आजारी पडला नसता; पण तीनदा उठलेल्या यंत्रासाठी सकाळची घडी मोडणे त्यांना आपल्या परीक्षेचा अपमान वाटला.

वाचनालयात पुस्तकांपेक्षा तक्रारवही जास्त वाचली जाई. ती खिडकीशेजारीच सुतळीने टांगलेली होती, आणि पोस्टमन तर वर्तमानपत्राआधी ती उघडत. थोड्याच दिवसांत "हाताळणीत चूक" हे शब्द रांगेत ऐकू येऊ लागले. "नाचता येईना अंगण वाकडं," एक जण म्हणाला, तोही बाईंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. समितीची बैठक झाली. तीन नोंदी वाचल्या गेल्या. बाईंना मागच्या खोलीत पाठवायचे ठरले, जिथे फाटकी पुस्तके शिवण्यासाठी ठेवलेली असत. खिडकी नसलेली खोली. कपाटांमागून आलेली धूळ तिथेच मुक्कामाला. निवृत्तीला त्यांची दोन वर्षे उरली होती. त्या दिवशी त्यांनी खणातली आपली पेन्सिल, चष्म्याचे घर आणि पाण्याची बाटली घेतली आणि त्या मागे गेल्या.

मास्तरांना हे कळले तेव्हा त्यांना वाईट वाटले, पण आपले वाटले नाही. एखाद्याच्या घरी चोरी झाल्याचे ऐकून वाटते तेवढेच.

खिडकीवर वर्तमानपत्र विभागातले एक गृहस्थ आले. अंगाने भारदस्त, बोलण्यात मोकळे. दोन महिने गेले. एकही तक्रार आली नाही. ग्रंथपाल म्हणत, "बघा, माणूस बदलला की फरक पडतो."

मग एका गुरुवारी, मास्तर प्रिंटरची शाई बदलण्यासाठी तिथे असतानाच, इमारतीतल्या मुख्य पेटीचे काम निघाले आणि तासभर वीज बंद राहिली. पंखे थांबले, वाचक पेंगले. तासाने वीज आली. टेबलावरचा संगणक आपोआप, मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे, चटकन उठला. जोडपेटीवर मात्र लाल दिवा होता. मास्तर हात मागे बांधून उभे होते. पडदा उजळला, वाचनालयाची प्रणाली उघडली, आणि ओळ आली: स्कॅनर सापडत नाही. त्यानंतर आणखी दहा-बारा सेकंदांनी पेटीचा दिवा हिरवा झाला.

मास्तर त्या हिरव्या दिव्याकडे पाहत राहिले.

"त्यात काय," गृहस्थ म्हणाले, "रोज सकाळी होतं हे. मी बटण बंद न करता संगणकच बंद करतो, पुन्हा लावतो, आणि तोवर चहा पिऊन येतो. आलो की सगळं ठाकठीक."

"तुम्ही वहीत लिहिलं नाहीत?"

"बाई लिहायच्या. मी चहा पितो."

मास्तरांना आणखी काही विचारावे लागले नाही. जोडपेटी म्हातारी होती. थंडावल्यावर तिला जागे व्हायला वेळ लागे. वाचनालयाची प्रणाली जुन्या वळणाची. उघडताना एकदाच हजेरी घेई आणि उशिरा आलेल्याला दिवसभर गैरहजर धरी. बाई पेटीला आधी उठवत होत्या, म्हणून चार वर्षे हजेरी चुकली नव्हती. एका बटणाने सगळ्यांना एकदम उठवण्याची सोय ज्या दिवशी झाली, त्या दिवशी बिघाड झाला होता. आणि दुपारी बारा वाजता घेतलेली ती प्रसिद्ध परीक्षा? तेव्हा पेटी सकाळपासून जागीच असे. तीनदाच काय, तीनशे वेळा संगणक बंद-चालू केला असता तरी ती सापडलीच असती. परीक्षा घेणाऱ्याने विद्यार्थ्याला उत्तरपत्रिका लिहून दिल्यावर त्याला पैकीच्या पैकी गुण पडले होते.

अंगण खरोखरच वाकडे होते, आणि ते वाकडे करणारा हात आपलाच होता.

समोर कुणी नव्हते, फक्त ते गृहस्थ पानाचा डाग पडलेला रुमाल घडी करीत होते, तरीही मास्तरांना वाटले की सगळी वाचनखोली आपल्याकडे पाहते आहे. भिंतीमागून कुणी तरी खोकले. कोरडा, धुळीचा खोकला. मागच्या खोलीत एकच माणूस बसत असे.

त्या क्षणी मास्तरांनी जे केले, त्याची लाज त्यांना मूळ चुकीपेक्षा अधिक वाटत राहिली. त्यांनी वेणीची वरची गाठ सोडली, जोडपेटीची वायर वेगळी काढली, आणि ती भिंतीवरच्या दुसऱ्या बटणाला लावली, जे कायम चालू राहील. कुणाला काही सांगितले नाही. वहीत काही लिहिले नाही. पिशवी उचलली आणि ते निघाले. बिघाड गेला म्हणजे प्रश्न मिटला, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

पुढच्या गुरुवारी ग्रंथपाल त्यांना दारातच भेटले. भोवती चार सभासद होते.

"मास्तर, आता सकाळीसुद्धा एका फटक्यात सुरू होतं. या गृहस्थांचा चहासुद्धा सुटला. बाई होत्या तोवर रोजची रड. बाई गेल्या आणि यंत्र सुधारलं. तुम्ही लिहिलं होतंत ते अगदी खरं ठरलं."

मास्तर म्हणाले, "हं."

तेवढ्यात बाई शिवलेल्या पुस्तकांचा गठ्ठा छातीशी धरून मागून आल्या. त्यांनी ते सगळे ऐकले होते. गठ्ठा खिडकीच्या टेबलावर ठेवताना त्यांची नजर खाली गेली. सव्वीस वर्षे ज्या टेबलाशी बसलो त्याच्या पायाशी एखादी वायर हलली, तर ते माणसाला दिसतेच. त्यांनी भिंतीवरच्या दुसऱ्या बटणाकडे पाहिले आणि मग मास्तरांकडे.

"पेटी वेगळी केलीत?"

"हो."

"बरं केलंत," त्या म्हणाल्या, आणि तोंडावर पदर धरून खोकत मागे गेल्या.

त्यांनी आरडाओरडा केला असता तर मास्तरांना सोपे गेले असते. चार लोकांसमोर वाद झाला असता, वादात माणूस स्वतःला सावरून घेतो. "बरं केलंत" या दोन शब्दांना धरायला कुठे कडाच नव्हती.

घरी त्यांनी जेवताना बायकोला सारे सांगितले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "अहो, यंत्र नीट झालं ना? मग झाकली मूठ झाकलीच राहू द्या. तुमच्या नावावर घर चालतं."

"त्यांचं नाव गेलं त्याचं काय?"

"ते तुम्ही मुद्दाम केलंत का?"

"आधीचं नाही. नंतरचं केलं."

बायकोने त्यांच्या पानात न मागता भाजी वाढली, आणि तिचा सल्ला तिने परत घेतला आहे हे मास्तरांना कळले.

तीन दिवस त्यांचे कामात लक्ष लागले नाही. कुठल्याही कचेरीत यंत्र तीनदा सुरू करून हात मागे बांधायची वेळ आली, की हात मागे जात नसत. खिशात घालावे की पुढे धरावे, हेच कळेना. वेण्या घालतानाही त्यांना वाटू लागले की आपण काही तरी बांधत नसून झाकत आहोत.

चौथ्या दिवशी ते सकाळी सव्वाआठला वाचनालयाच्या दारात उभे होते. दवाखान्याला त्यांनी उशीर होईल असे कळवले होते. दवाखाना आजारी पडला नाही.

ग्रंथपालांनी कुलूप काढले. मास्तरांनी त्यांना घडले ते सांगितले, उभ्या उभ्या. ग्रंथपालांचा चेहरा ऐकता ऐकता उतरत गेला.

"अहो मास्तर, समितीने ठराव केलाय. तुमच्या नोंदींवर केलाय. आता मी त्यांच्यापुढे काय वाचू? चोर सोडून संन्याशाला सुळी दिली म्हणून?"

"तसंच वाचा. चोराचं नावही वाचा."

"दोन वर्षांनी त्या निवृत्तच होतायत. ती वही भरत आलीये, आपण नवी लावू. जुनी कोण बघतं?"

"इथे जुनीच वाचतात, साहेब."

त्यांनी सुतळीची वही खाली घेतली आणि लिहिले: "देवघेव खिडकीवरील जोडणीत माझ्याकडून दोष राहिला होता. तो शोधून दुरुस्त केला आहे." सही केली. मग वही घेऊन ते मागच्या खोलीत गेले.

बाई सुईत दोरा ओवत होत्या. दिव्याखाली त्यांच्या केसांवर धुळीचा थर दिसत होता. मास्तरांनी वही पुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही.

"हात गुंतलेत. तुम्हीच वाचा."

मास्तरांनी वाचले.

"यात मी कुठे आहे?" बाईंनी विचारले.

"म्हणजे?"

"तीन नोंदींत मी होते. 'वापरणाऱ्याकडून चूक.' रांगेतल्या पोरांना पाठ झालं होतं ते. घरी माझी सून म्हणाली, 'आई, आता नका जाऊ, लोक हसतात.' आणि आता चूक सापडली, तर त्यात फक्त वायर आहे आणि तुम्ही आहात. मी गेले कुठे?"

मास्तर स्टुलावर बसले. वही मांडीवर घेऊन त्यांनी आधीच्या ओळींखाली लिहिले: "या वहीत मी आधी केलेल्या तीनही नोंदी चुकीच्या होत्या. खिडकीवरील बाईंची हाताळणी बरोबर होती. त्यांनी तीनही वेळा सकाळी येऊन पाहण्यास सांगितले होते. मी आलो नाही." मग थांबले, आणि आणखी एक ओळ लिहिली: "दोष कळल्यावरही मी तो गुपचूप काढला व अकरा दिवस गप्प राहिलो." हेही त्यांनी वाचून दाखवले.

बाईंनी सुई पुस्तकाच्या पुठ्ठ्यात टोचून ठेवली.

"शेवटची ओळ मी मागितली नव्हती."

"नाही."

"असू द्या. आहे ती बरोबर आहे." मग त्या म्हणाल्या, "तुम्ही माफी मागाल असं वाटलं होतं."

"मागायलाच आलो होतो. इथली धूळ बघितल्यावर तोंड उघडेना."

"मग आता नका मागू. मी देईन की नाही, माझं मलाच माहीत नाही. वही जागेवर लावा. नीट, समोर दिसेल अशी."

त्यांनी ती लावली. साडेनऊला पोस्टमन आले, वर्तमानपत्राकडे न वळता त्यांनी वही उघडली, आणि अकरापर्यंत सगळ्या गल्लीला सगळे माहीत होते.

पुढचे महिनाभर मास्तरांना जड गेले. दोन कचेऱ्यांनी दुसरा माणूस बोलावला. शिंपिणीने घरचा बिघडलेला संगणक दाखवायला आणला आणि देताना म्हणाली, "जरा सकाळचंसुद्धा बघा हं." ते हसले नाहीत, त्यांनी ते यंत्र रात्रभर बंद ठेवून सकाळी सुरू करून पाहिले. तेव्हापासून त्यांची परीक्षा तशीच होते. तीनदा नाही, एकदाच, पण यंत्र पुरते थंडावल्यावर. हात मागे बांधणे सुटले ते सुटलेच.

समितीने कुरकुरत ठराव फिरवला. एका सोमवारी बाई पेन्सिल, चष्म्याचे घर आणि पाण्याची बाटली घेऊन खिडकीवर परत आल्या. गृहस्थ आनंदाने वर्तमानपत्रांकडे गेले. गुरुवारी मास्तर गेले, तेव्हा तिन्ही बटणे पुन्हा तीन भिंतींवर होती. बाईंनी वायरमनकडून ती करून घेतली होती, आणि वायरी जमिनीवरून मोकळ्या धावत होत्या. मास्तरांनी त्यांना हात लावला नाही. बाईंनी त्यांना पाहून मान हलवली, तेवढीच. "या" म्हणाल्या नाहीत.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या ओट्यावर पोस्टमन, शिंपीण आणि आणखी दोघे बसले होते. मास्तर जाताना पोस्टमननी त्यांना थांबवले.

"मास्तर, रागावणार नसाल तर विचारतो. यंत्र नीट झालं होतं, कुणी पकडलं नव्हतं, बाईसुद्धा भांडल्या नव्हत्या. मग एवढ्या कष्टाने कमावलेलं नाव आपल्याच हाताने वहीत बुडवायची गरज काय होती?"

मास्तरांनी पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"बाईंना मागच्या खोलीत मी बसवलं होतं. मग उठवायला काय तुम्ही जाणार होता?"